तोबाच्या तळ्याकाठी

तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे काही उभे राहते ते बेताचेच असते. ठाण्याचे मासुंदा किंवा कोल्हापूरचा रंकाळा. संध्याकाळी सहकुटुंब एक फेरी मारावी, भेळ खावी नि दिवेलागणीला घरी परतावे, एवढाच आपल्याकडे त्या शब्दाचा पसारा. म्हणून इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरचे तोबा हे तळे पाहून आल्यापासून त्याला काय म्हणावे ते मला सुचेनासे झाले आहे. सरोवर म्हणावे तर फार पुस्तकी वाटते, नि तळे म्हणावे तर ऐकणारा हसतो.

लांबी सुमारे शंभर किलोमीटर नि रुंदी तीस. म्हणजे बोरीबंदरला गाडीत बसावे नि थेट कर्जत येईपर्यंत खिडकीतून पाणीच दिसत राहावे, असा प्रकार. खोली ५०५ मीटर. कुतुबमिनार एकावर एक असे सात रचून त्यात सोडले तर सातव्याचे टोक जेमतेम पाण्याबाहेर दिसेल. आणि हे सगळे पाणी समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही थोडे वर, डोंगरांच्या कुशीत गप्प बसलेले. लाट म्हणाल तर न्हाणीघरातल्या घंगाळात उठावी तेवढी. आणि वाचकहो, हे पाणी ज्यात भरले आहे ते एका ज्वालामुखीचे तोंड आहे! जगात यापेक्षा मोठे ज्वालामुखीचे तळे नाही.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त सिंगापूरला असतात. महिनाभर आम्ही उभयता नि आमच्या सासूबाई त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. पंधरा दिवसांत सिंगापूरच्या स्वच्छतेचा सासूबाईंना कंटाळा आला. "घरात झाडलोट केली तर कळते तरी. इथे आधीच सगळे झाडलेले," असे त्यांचे म्हणणे. सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. पाठ ताठ, दात बहुतेक स्वतःचे, नि मते सगळी स्वतःची. तेव्हा चिरंजीवांनी तोबाचा बेत काढला नि सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिथे बोटीत बसावे लागते का?" चिरंजीवांनी खांदे उडवून "बघू" म्हटले. ते "बघू" पुढे दोन दिवस पुरले.

हा प्रश्न साधा नव्हता, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंचे माहेर अलिबागजवळचे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली नि सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेल्या त्या माणसांत सासूबाईंचे वडील होते. सासूबाई तेव्हा तीन वर्षांच्या. कितीएक उतारूंना जवळपासच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकून देऊन वर घेतले, पण त्यांत ते नव्हते, नि पुढेही ते कुणाला सापडले नाहीत. तेव्हापासून त्या घरातले कुणी बोटीत बसत नाही. मांडव्याला तासाभरात नेणाऱ्या बोटी निघाल्या, पुढे मोटारीसकट नेणारी रो-रो आली, तरी सासूबाई माहेरी जायच्या त्या पेणवरूनच, वडखळच्या नाक्यावर तीन तीन तास खोळंबून.

मेदानच्या विमानतळावर उतरलो. तिथून तोबाकाठचे पारापाट हे गाव मोटारीने चार-पाच तासांवर. वाटेत रबराची झाडे नि तेलाचे माड, मग पुन्हा रबर. शिस्तीत उभ्या केलेल्या झाडांचे मला फारसे कौतुक वाटत नाही, तेव्हा तो भाग सोडून देते. गंमत झाली ती आमच्या मोटारवाल्याची. गृहस्थ तिथल्या बाताक समाजातला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमचे मार्गा कोणते?" मार्गा म्हणजे बाताकांचे कूळ. दोन बाताक माणसे परगावी भेटली की आधी मार्गा विचारतात, मग पिढ्या मोजतात नि मगच एकमेकांना काका म्हणायचे की भाचा ते ठरवतात. एका मार्ग्यातल्या मुलामुलीचे लग्न होत नाही. चिरंजीव हे समजावून सांगत होते तेवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गोत्र विचारतोय तो. सांग त्याला, काश्यप." त्याने तो शब्द दोनतीनदा घोळवला, हे मार्गा आपल्याकडे नाही म्हणून खेद व्यक्त केला, नि तेव्हापासून तो सासूबाईंना 'ओपुंग' म्हणू लागला. ओपुंग म्हणजे आजी, नि आजोबाही. त्या देशात आमच्या सासूबाईंना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही.

पारापाटला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वळण घेऊन मोटार खाली उतरली नि एकदम सगळे निळे झाले. समोर सामोसिर बेटाचा कडा, त्यावर ढगांची पट्टी, नि मधे ते पाणी. हे नेहमी काहीतरी बोलतात, पण तेही बोलले नाहीत. याच गावात एका टुमदार घरात १९४९ च्या सुरुवातीला डचांनी सुकार्नो, शारीर नि हाजी आगुस सालिम यांना नजरकैदेत ठेवले होते. खिडकीतून तळे दिसते. आगाखान पॅलेस पाहताना जो विचार मनात येतो तोच तिथेही आला: राज्यकर्त्यांना कैद्यांसाठी नेमकी चांगली घरे कशी सापडतात!

रात्री जेवणानंतर ह्यांनी चिरंजीवांकडून ज्वालामुखीची हकीकत समजून घेतली नि ती मला सांगितली. मी ती माझ्या पद्धतीने सांगते. सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. जमिनीखाली वितळलेल्या खडकाचा प्रचंड साठा झाला होता. त्यात वायू कोंडला, नि वरचे कवच एके दिवशी फुटले. बाहेर आलेल्या खडकाचे माप शास्त्रज्ञ २,८०० घन किलोमीटर सांगतात. १८८३ साली ज्या क्राकाताउने छत्तीस हजार माणसे घेतली, तो यापुढे फटाक्यांच्या माळेतला एक लवंगी फटाका. खालचा साठा रिकामा झाल्यावर वरची जमीन खचली. टम्म फुगलेली पुरी टोचली की जशी बसते तशी. त्या खळग्यात हजारो वर्षे पावसाचे पाणी साठत राहिले नि तळे झाले. पण चूल पुरती विझली नव्हती. खालून पुन्हा दाब आला नि तळ्याचा तळ हळूहळू वर उचलला गेला. तेच सामोसिर बेट. या बेटाच्या माथ्यावर, तळ्याच्या पाण्यापासून शेकडो मीटर उंचीवर, तळ्याच्या तळाचा गाळ सापडतो. त्या बेटावर पुन्हा एक लहानसे तळे आहे, सिदिहोनी नावाचे. म्हणजे बेटावर तळे, तळ्यात बेट, नि त्या बेटावर तळे. लहान मुलांना डब्यात डबा ठेवण्याचा खेळ आवडतो, तसा हा सृष्टीचा खेळ आहे. हे सगळे ज्वालामुखीचे काम आहे ही गोष्ट व्हॅन बेमेलेन या डच भूशास्त्रज्ञाने १९३९ साली मांडली. त्याआधी लोक ते नुसतेच सुंदर तळे म्हणून पाहत.

आता यात आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, नि तो आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक गावाशी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो उजेडात आणला. सह्याद्रीचा आपला काळा पत्थरही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्याची नव्हे. तिचे रासायनिक घटक जुळतात ते तोबाशी. मधे बंगालचा उपसागर, तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर! तोबा एकदाच फुटलेला नाही, त्याआधीही तो लाखो वर्षांच्या अंतराने फुटला होता. तेव्हा बोरीची राख चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची की त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण राख तिकडचीच. त्या राखेच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत.

या चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाने सूर्य झाकोळला, थंडी पडली नि मनुष्यजात जवळजवळ संपली, असे मत १९९० च्या दशकात फार गाजले. ह्यांना ते मत आवडते. मला नाही. माझी बाजू घेणारा पुरावाही आहे. आंध्रात ज्वालापुरम नावाच्या गावी तोबाच्या राखेचा जाड थर आहे. त्याच्या खाली जशी दगडी हत्यारे सापडली तशीच वरही सापडली, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आकाशातून राख पडली, माणसे खोकली असतील, उपाशी राहिली असतील, नि मग पुन्हा दगड घासायला बसली असतील. आफ्रिकेतल्या खणलेल्या जागांवरूनही पुढे असेच दिसून आले. ह्यांचे म्हणणे, थोडी माणसे वाचली म्हणजे संकट लहान होते असे नाही. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

सकाळी धक्क्यावर गेलो. दुमजली लाकडी बोटी, रंगीत कठडे, वर गाणी लावलेली. तासाभरात सामोसिरवरच्या तुकतुक गावी पोचवतात. सासूबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या, बोटीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले नि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी खोलीत पोथी वाचत बसते." हे रागावले. चिरंजीव समजूत घालू लागले. पाणी किती शांत आहे, एक लाटसुद्धा नाही वगैरे. सासूबाई म्हणाल्या, "अरे, शांत पाण्याचे काय सांगतोस? पाणी शांतच असते."

शेवटी मोटारवाल्याने तोड काढली. सामोसिर हे पुरते बेट नव्हतेच. पांगुरुरान गावाशी ते एका चिंचोळ्या पट्टीने जमिनीला जोडलेले होते. डचांनी तिथे कालवा खणला म्हणून ते बेट झाले. त्या कालव्यावर पूल आहे. तेव्हा तासाभराच्या पाण्याऐवजी जवळजवळ दिवसभर रस्त्याने जायचे. वडखळच्या नाक्यावर आयुष्य काढलेल्या सासूबाईंना त्याचे काही वाटले नाही.

आणि खरे सांगू? तो दिवस सगळ्या प्रवासातला उत्तम दिवस ठरला. तळ्याच्या दक्षिण काठाने बालिगे लागते. तिथे सिसिंगामांगाराजा बारावे यांची समाधी आहे. तीस वर्षे त्यांनी डचांशी झुंज दिली, नि १९०७ च्या जूनमध्ये ते लढताना पडले. मोटारवाला तिथे टोपी काढून उभा राहिला. वाटेवर भातखाचरे, खाचरांत म्हशी, नि खाचरांच्या मधोमध घरे. घरांची छपरे खोगिरासारखी, दोन्ही टोकांना उचललेली, भिंतींवर लाल, पांढऱ्या नि काळ्या रंगांत कोरीव नक्षी. जवळ जाऊन पाहावे तो त्यांतली कित्येक घरे राहायची नव्हेतच; ती थडगी! बाताक लोक आता बहुतेक ख्रिस्ती आहेत. नोमेन्सेन नावाचा जर्मन मिशनरी १८६२ साली सुमात्राला आला, त्याने हे काम केले. देवळे गेली, चर्चे आली, पण पूर्वज राहिले. कित्येक वर्षांनी पूर्वजांच्या अस्थी पुरलेल्या जागेतून काढून, धुऊन, समारंभाने अशा थडग्यात ठेवतात. गावजेवण होते, वाजंत्री असते. घरात राहणाऱ्यांपेक्षा न राहणाऱ्यांचे घर मोठे!

तेलेच्या घाटमाथ्यावर उतरलो तेव्हा अख्खे तळे खाली पसरले होते. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ पाहत होत्या. "हे सगळे फुटले होते?" असे त्यांनी एकदाच विचारले.

पांगुरुरानच्या वर पुसुक बुहित हा डोंगर. बाताकांचा मूळ पुरुष त्यावर उतरला अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या उतारावर गंधकाच्या वासाचे गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीसारखे. सासूबाईंनी पाय बुडवून घेतले. खालची चूल अजून धगधगते आहे याचा एवढा पुरावा मला पुरे.

तुकतुकला ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीणबाईही ओपुंगच. बाताकांत पहिले नातवंड झाले की आजीला त्या नातवंडाच्या नावाने ओळखतात, 'अमकीची ओपुंग' म्हणून. आपल्याकडे पूर्वी 'बंड्याची आई' असायची तसे. त्यांची नात मेदानच्या कॉलेजात शिकते, तिला इंग्रजी येते. तिच्या आधाराने आमची संभाषणे चालायची.

त्या रात्री जेवायला 'आर्सिक' होते. मासा अख्खा, गोड्या पाण्यातला, हळदीत पिवळाधमक झालेला, नि रस आटेस्तोवर मंद आचेवर ठेवलेला. लग्न झालेल्या जोडप्याला आशीर्वाद म्हणून असा एक मासा देतात, मूल झाले की तीन. पहिला घास तोंडात टाकला नि मी थांबले. जिभेवर तो ओळखीचा झणका, ओठ बधिर करणारा, लिंबासारखा नि तिखटही. माझे माहेर मालवणचे. बांगड्याच्या कालवणात तिरफळे घातली की हाच वास घरभर सुटायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले. ओपुंगनी डबा उघडून हिरवे दाणे दाखवले. त्याला ते 'अंदालिमान' म्हणतात, नि ते त्याच डोंगरांवर होते. चिरंजीवांनी फोनवर शोधून सांगितले की अंदालिमान नि तिरफळ ही एकाच घराण्यातली झाडे, चुलत भावंडे. म्हणजे मार्गा एक! मी तसे म्हटल्यावर ओपुंग इतक्या हसल्या की हातातला डबा खाली ठेवावा लागला.

जेवणानंतर नातीने तळ्याची कथा सांगितली. तोबा नावाच्या कोळ्याला एक सोनेरी मासोळी मिळाली. तिची झाली बाई. तिने लग्न केले ते एका अटीवर: मी मासोळी होते हे मुलाला कधी सांगायचे नाही. मुलगा झाला, सामोसिर. त्याला भूक फार. एक दिवस बापाची शेतावरची न्याहारी त्यानेच वाटेत खाऊन टाकली. बाप रागाने बोलून गेला, "माशाचा पोर कुठला!" झाले. बाई रडली, जमिनीतून पाणी फुटले नि सगळे बुडाले. सासूबाई म्हणाल्या, "शंतनूचेच की रे हे. त्यानेही कबूल केले होते, काही विचारणार नाही म्हणून." मग थोडे थांबून, "पुरुषांना तोंड मिटून बसणे जमत नाही." ह्यांनी काही उत्तर दिले नाही.

ओपुंगनी विचारले, ही आजी एवढ्या लांबून रस्त्याने का आली? चिरंजीव घुटमळले. सासूबाईंनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. मराठीत, वाक्यावाक्याला थांबून. चिरंजीव इंग्रजी करत, नात बाताक करत. रामदास, अमावास्या, तीन वर्षांची मुलगी. मला वाटले होते, तीन भाषांतून जाता जाता ते सगळे पातळ होईल. तसे झाले नाही.

ओपुंग ऐकत राहिल्या. मग त्यांनी आपले सांगितले. १८ जून २०१८ रोजी सामोसिरच्याच सिमानिंदो धक्क्यावरून पलीकडच्या तिगारासला निघालेली 'सिनार बांगुन' ही बोट तळ्यात बुडाली. ईदच्या सुट्टीची गर्दी होती. चाळीसेक माणसांच्या बोटीत दोनशेच्या घरात माणसे होती, नि मोटारसायकली. वीसएक वाचली. तिघांचे देह मिळाले. १६४ माणसे मिळालीच नाहीत. शोध करणाऱ्या यंत्रांना बोट दिसली ती साडेचारशे मीटर खाली. तिथून काही वर आणता येईना, म्हणून पंधरा दिवसांनी शोध थांबवला. तिगारासला आता नावे कोरलेले स्मारक आहे. त्या नावांत ओपुंगच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे. त्यांच्या घराण्याचे थडगे तयार आहे, त्यात त्याची जागाही आहे, पण ठेवायला अस्थी नाहीत. ती जागा तशीच ठेवली आहे.

सासूबाईंनी विचारले, "मग बहिणीने काय केले?"

ओपुंग म्हणाल्या, "वाट पाहिली. अजून पाहते."

"आमच्या आईनेही पाहिली," सासूबाई म्हणाल्या. "कुंकू पुसू दिले नाही कुणाला. दुसऱ्या वर्षी आजोबांनी भटजींना बोलावून पळसाच्या पानांचे माणूस केले नि त्याला अग्नी दिला. देह मिळाला नाही तर आमच्याकडे तसे करतात. आईला तेही पटले नाही. पण त्या दिवशी ती जेवली. तोपर्यंत धड जेवत नव्हती." हे मी लग्न होऊन एवढी वर्षे या घरात आहे, मला कधी कळले नव्हते. ह्यांनाही नाही.

नातीला पळसाची पाने समजावून सांगायला बराच वेळ लागला. किती पाने, कशी मांडतात, डोके कशाचे. ओपुंग एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होत्या. का, ते त्यांनी सांगितले नाही, नि आम्हीही विचारले नाही.

ओपुंग स्वतः मात्र दर बाजाराला बोटीनेच पारापाटला जातात. सासूबाईंनी त्यांना छेडले, "भीती नाही वाटत?" त्यावर ओपुंगनी जे सांगितले ते अगदी घरगुती होते. भीती वाटते, पण भाजी संपते. शिवाय त्या आता बोटीत चढण्याआधी माणसे मोजतात. जास्त असली तर उतरतात नि पुढच्या बोटीने जातात. बोटवाले त्यांना ओळखून आहेत.

दोन दिवस आणखी राहिलो. दुपारी वाऱ्याने तळ्यावर बारीक सुरकुत्या येत, संध्याकाळी त्या जात. मत्स्यपालनाचे पिंजरे तरंगताना दिसत. २०१६ साली त्यांतले हजारो मासे एकदम मेले होते. एवढ्या पाण्याला बाहेर जायला वाट एकच, असाहान नदी. तेव्हा आपण जे त्यात टाकतो ते फार काळ तिथेच राहते. २०२० साली युनेस्कोने हा सगळा परिसर आपल्या जिओपार्कांच्या यादीत घेतला. यादीत नाव आले म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे नव्हे, हे लोणारच्या तळ्याचे कौतुक करणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

निघायच्या सकाळी मोटारवाला विचारायला आला, पुन्हा रस्त्यानेच ना? सासूबाई पाय धुऊन, पातळ नेसून तयार बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोटार नेणारी मोठी बोट आहे ना अंबारिताहून? तिला किती माणसे चालतात ते विचार." त्याने विचारून सांगितले. धक्क्यावर सासूबाई ओपुंगच्या हाताला धरून उभ्या राहिल्या नि दोघी मिळून चढणारी माणसे मोजू लागल्या. एक मराठीत, एक बाताकात. आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजली. मग ओपुंगनी मान हलवली.

बोटीवर पाऊल टाकायच्या आधी सासूबाईंनी जीवरक्षक जाकीट मागून घेतले. नऊवारीवर ते नारिंगी जाकीट चढवायला मला नि एका खलाशाला मिळून पाच मिनिटे लागली. मग त्या मधल्या बाकावर बसल्या, डोळे मिटले नि रामरक्षा सुरू केली. तळ्याच्या मधोमध आल्यावर डोळे उघडले. ओपुंगनी वाटेत म्हणून पानात बांधून दिलेला भात मांडीवर होता, त्यातला एक घास त्यांनी कठड्यावरून पाण्यात सोडला. चिरंजीव काही विचारणार होते, ह्यांनी त्याचा दंड दाबला. मग सासूबाईंनी उरलेला भात आम्हा सगळ्यांना वाटून दिला. अंदालिमानच्या चटणीसकट, झणझणीत.

पलीकडे अजिबाताला उतरलो. मोटार बाहेर काढली, सामान मोजले, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवले नि निघालो. दोन मिनिटांनी मागून एक खलाशी मोटारसायकलवरून हात हलवत आला. सासूबाईंच्या अंगात बोटीचे जाकीट तसेच होते. त्यांनी ते काढून दिले, पण लगेच नाही. आधी चिरंजीवांना विचारले, "मेदानपर्यंत आणखी पाणी नाही ना?"